वांडा पाणी पीत नाही

माझी मुलगी वांडा पाणी पीत नाही. आज रविवारच्या जेवणाला मी तिच्यापुढे ग्लास भरून ठेवला होता. सगळे उठले तरी तो काठोकाठ भरलेलाच होता. गेल्या पंधरवड्यात डॉक्टरांनी तिला दुसऱ्यांदा लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी पी म्हणून बजावलं. ती हो म्हणाली आणि पीत नाही. बत्तीस वर्षांच्या बाईच्या मागे ग्लास घेऊन फिरता येत नाही. पण डोळे मिटले की तिचे सालपटं निघालेले ओठ समोर येतात. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वांडा इथल्या मोटारींच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला दारं बसवते. मी शाळेत इतिहास शिकवत होते. तिनंही कॉलेज पूर्ण करावं अशी माझी फार इच्छा होती. एक वर्ष काढून ती परत आली. म्हणाली, "आई, तिथं सगळे नुसते बोलतात गं." कारखान्यात मात्र ती रमली. कुणाच्याही अंगणात गाडी दिसली की दार उघडून दोनदा लावून बघायची. आजोबांच्या अंत्ययात्रेला तिनं शववाहिनीचं दारसुद्धा लावून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "खालचं बिजागर ढिलं आहे." त्या दिवशी मी रडता रडता हसले.

ते आजोबा, म्हणजे माझे सासरे, सदतीस सालच्या हिवाळ्यात फ्लिंटच्या मोटारींच्या कारखान्यात संप करून ठिय्या देऊन बसलेल्यांपैकी एक. त्याआधी गाड्या जोडायच्या सरकत्या लाइनवरच्या माणसाला लघवीला जायचं तर फोरमनची मर्जी लागायची. युनियन आली आणि पुढे भांडून बदलीवाला मिळवला. लाइन थांबत नाही, म्हणून तुम्ही हात वर करायचा. तो येऊन तुमची जागा धरतो, तुम्ही जाऊन येता. सासरे सांगायचे, "पगार नंतर वाढला. आधी आम्ही माणसासारखं मुतायला शिकलो." वांडा त्यांच्या मांडीवर बसून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

वांडाच्या भागातला बदलीवाला ब्रूनो आहे. माझ्या नवऱ्याचा, स्टॅनचा, कारखान्यातला जुना मित्र. वांडाचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरून उभा होता तो.

गेल्या सप्टेंबरात, इथल्या कामगार दिनाला, युनियनची सहल होती. बिअर, सॉसेज, आणि मधोमध एक जपानी नावाची गाडी. डॉलरला घणाचे तीन घाव. पैसे, जपानी गाड्यांमुळे ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्या घरांसाठी. ही गंमत दरवर्षीची. पहिला घाव ब्रूनोचा होता. वांडानं सवयीनं गाडीचं दार उघडलं, दोनदा लावलं, आणि गाडी कुठं बनली ते सांगणारी दाराच्या खांबावरची पट्टी वाचली.

"थांबा रे! ही कॅलिफोर्नियात बनली आहे, आपल्या नि जपानी कंपनीच्या त्या भागीदारीच्या कारखान्यात. आपल्याच युनियनची माणसं आहेत तिथं!"

"नाव जपानी आहे ना?" ब्रूनो म्हणाला. "मग झालं."

"नावं तर आपली पोलंडची आहेत. आपल्यालाही फोडायचं का?"

"पोरी, माल ओळखायला शिक जरा. तो माझा ट्रक बघ. नाव आपलं, कंपनी आपली, मागे झेंडा आपला."

वांडा गेली, ट्रकचं दार उघडलं, वाकून पट्टी वाचली आणि तिथूनच ओरडली, "काका, मेक्सिको!"

लोक असे हसले की कुणाच्या नाकातून बिअर आली. ब्रूनोही हसला. मग त्यानं घण उचलला आणि काच फोडली. मागोमाग स्टॅननं, मग सगळ्यांनी. आपल्याच माणसांनी जोडलेली दारं आपल्याच माणसांनी ठोकून चपटी केली, आणि त्यांची मुलं काचा गोळा करत फिरत होती. मी हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन उभी होते. मला ते कुणाला वाढावंसं वाटेना.

जानेवारीत वांडाची जुनी गाडी भर बर्फात हायवेवर बंद पडली. तिनं त्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्याचीच गाडी घेतली. मी म्हटलं, "कंपनीची घे. सवलत आहे तुम्हाला."

"मला परवडणारी कंपनीची गाडी इथं बनते का, सांग. ही युनियनच्या हातची आहे, याच देशातली आहे, आणि थंडीत सुरू होते. आई, कशी गाडी घ्यायची हे इतकी वर्षं मला कोण शिकवत होतं? तुम्हीच ना?"



परदेशी नावाच्या गाड्यांनी रुळांपलीकडच्या मैदानात थांबायचं, असा फलक गेटवर आहे. ती तिथं गाडी लावायला लागली. एकदा काचेवर कुणी तरी रंगानं 'गद्दार' लिहिलं. ते तिनं स्वतःच खरवडून काढलं. मग ब्रूनो सुरू झाला. तिचा हात वर गेला की तो बघतो, हातमोजा नीट करतो आणि दुसऱ्याच कुणाकडे जातो. कधी ओरडतो, "टोकियोला फोन कर पोरी, पाठवतील बदली!" लाइन हसते. बायकाही हसतात, ते मला जास्त लागतं.

हे ती सांगणार नव्हती. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी सूप द्यायला गेले, तेव्हा न्हाणीघराच्या कपाटात मला एक पुडकं दिसलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी अशीच मोठ्या माणसांची लंगोटं आणायचे. ते हातात घेऊन मी बाहेर आले.

"हे कुणाचं?"

"ठेव ते आत."

"वांडा, हे कुणाचं?"

मग तिनं सगळं सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

"फोरमनला सांग," मी म्हटलं.

"आपल्या माणसाची तक्रार फोरमनकडे? आजोबा उठून येतील थडग्यातून."

"मग युनियनला सांग."

"तक्रार घेणारा माणूस ब्रूनोकाकांबरोबर मासे धरायला जातो."

"मग काय करणार आहेस?"

"काही नाही. कंटाळतील कधी तरी." ताटली विसळत ती म्हणाली, "आई, काकांची पेन्शन जवळ आली आहे. मी तक्रार केली आणि काही झालं तर?"

जो तिला लाइनवर अडकवून ठेवतो त्याच्या पेन्शनची काळजी ती करत होती. त्या क्षणी मला तिचाही राग आला.

आज ब्रूनो नेहमीप्रमाणे चर्चनंतर जेवायला आला. कोबीचे रोल पुन्हा पुन्हा मागून घेतले. "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही." हनुवटीवरचा सॉस त्यानं माझ्या इस्त्रीच्या रुमालाला पुसला. मग वांडाच्या भरलेल्या ग्लासाकडे बघून स्टॅनला डोळा मारत म्हणाला, "काय पोरी, तहान लागत नाही वाटतं?"

स्टॅन ताटात बघून हसला. वांडाही हसली, ओठ फाटतील म्हणून जपून. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. हे लोक सभेत एकमेकांना भाऊ म्हणतात, बहीण म्हणतात. ठिय्याचा धडा मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवला, आणि त्या ठिय्यातल्या माणसाच्या नातीला त्याच्याच युनियनचे भाऊ लंगोट घालायला लावतात. कशासाठी, तर ट्रकच्या दारावरची पट्टी वाचली म्हणून.

सगळे गेल्यावर मी स्टॅनशी बोलले. तो म्हणाला, "गेटच्या आतलं गेटच्या आत राहू दे. ब्रूनो गंमत करतो. तू मध्ये पडू नकोस." आणि झोपायला गेला. घोरतो आहे.

वांडा बोलू शकत नाही, कारण ती सभासद आहे. मी सभासद नाही. माझा कुणी भाऊ नाही तिथं. युनियनच्या मासिक सभेला घरच्यांना बसता येतं, आणि ती सभा याच आठवड्यात आहे. उद्या तिचा हात वर गेला आणि ब्रूनो आला नाही, तर मी ते पुडकं घेऊन सभेला जाईन, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवीन आणि ते कुणाला, कुणामुळे लागतं ते सगळ्यांसमोर सांगेन. लाजायचंच असेल तर त्या सभागृहातल्या पुरुषांनी लाजावं. आणि आला तरी माझ्या टेबलावर त्याचं ताट पुन्हा लागणार नाही.

हे त्याला आधी सांगायला हवं. वांडा माझ्यावर चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. चिडू दे. पाणी तर पिईल.

दुसऱ्या पाळीची माणसं सुट्टीच्या दिवशीही लवकर झोपत नाहीत. ब्रूनो टीव्हीसमोर बसलेला असेल, माझे रोल पचवत. त्याचा नंबर मला पाठ आहे. दर नाताळला मीच त्याला फोन करून जेवायला बोलावते. फोन जिन्याखाली आहे, म्हणजे स्टॅनला जाग येणार. येऊ दे. मी खाली जाते आहे.