आकारामभावजींनी उलटी मळणी केली ती गोष्ट

आकारामभावजी माझे धाकटे दीर. लढाईत लष्कराची मोटार हाकून शेहेचाळीस साली पलूसला परत आले. त्याच महिन्यात चौरस्त्यावर मोटारीनं गावातल्या गुंडा नावाच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला धडक दिली. बैल जागेवर गेला, गुंडाचा पाय अधू झाला.

भावजी म्हणाले, "वैनी, चौकात मधी गोल घालायचा. समद्यांनी तो उजव्या हाताला ठिवून वळसा घ्यायचा. परमुलखात मी बघितलंय."

उसानं भरलेली गाडी किती जागेत वळते, ते बघायला भावजींनी आमचीच गाडी दिवसभर पडीक रानात, मधल्या खुंटीला बांधलेल्या दोरीच्या घेरानं फिरवली. आतल्या बैलाची मान पिळली की दोरी हातभर वाढवायची, परत फिरायचं. सडकेचं काम बघणाऱ्या सरकारी ओव्हरसियरनं गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. गाड्या नीट वळल्या तर दगडी कट्टा, नाहीतर सगळं उचलायचं.

भावजींनी मुरमाचा ढीग घातला आणि लांबून दिसावा म्हणून मधे खांब रोवला. तिथंच फसले. आमच्याकडचे बैल मळणीला खळ्यातल्या खांबाभोवती फिरायचे, ते खांब डाव्या हाताला ठेवून. चौकातही तसेच शिरले, थेट मोटारीच्या तोंडावर. मोटार थांबली म्हणून बरं.

गावातले हंबीरराव म्हणाले, "आकाराम, लष्करात बैल न्हवतं का रं?"

"व्हतं की. पर ते टोमणं मारत न्हवतं."

खांब काढला, तरी बैल उलटेच. मग भावजी मला म्हणाले, "औंदा मळणी उलटी करायची, खांब उजव्या हाताला ठिवून."

"लोक खुळ्यात काढत्याल."

"काढू द्यात. बैल खळ्यावर शिकलाय, तिथंच बदलंल."

पहिलं खळं आमचंच. दोन दिवस बैल मान वाकडी करून उभे राहिले. मी दटावून दमले, तिसऱ्या दिवशी बैल चालले. मग भावजी घरोघर गेले. जो नाही म्हणाला, त्याच्या खळ्यावर स्वतः बैलांमागं फिरले. हंबीररावांच्या खळ्यावर तर आठ दिवस, फुकट.

पाडव्याआधीच्या बाजाराला ओव्हरसियर चौकात येऊन उभा राहिला. सांगलीकडनं मोटार आली, तासगावकडनं हंबीरराव गाडी घेऊन. बैल जुन्या सवयीनं उलटे वळावेत म्हणून त्यांनी मुद्दाम कासरा सैल सोडला.

बैल ढिगापाशी आले, जरा थबकले आणि ढीग उजवीकडं ठेवून वळले. मोटार मागनं सावकाश निघून गेली.

"दगड मागवतो," ओव्हरसियर म्हणाला.

हंबीरराव कासरा आवळत पुटपुटले, "माझंच बैल फितूर झालं."