बॉनेटवरचा डावा हात

आमच्या दादांच्या पांढऱ्या गाडीला देवी निघाल्या. हे दादांचंच म्हणणं. दवाखान्यातून घरी आणल्यावर ओसरीत खाट टाकली, पाठीला दोन उशा दिल्या आणि समोर पत्र्याखाली उभी असलेली गाडी बघून ते पहिलं काही बोलले ते हेच. घरात कोण आलंय, कोण रडतंय, कशाची चौकशी नाही.

"गाडीला देवी आल्यात रं. जवळ जाऊन बघ."

बघितलं. बॉनेटवर, टपावर, दारांवर खसखस सांडावी तसे तांबूस ठिपके होते. बोट फिरवलं की टोचत. तामलवाडीत दादांच्या घराला लागून एक फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तिथं दिवसभर ग्राइंडर किंचाळत असतो, ट्रॉल्या आणि खिडक्यांचे गज कापले जातात. दादा रोज सकाळी गाडी पुसायचे तोवर त्या लोखंडाच्या किसाचं काही चालत नव्हतं. दादा दवाखान्यात गेले, गाडीवर कुणी फडकं मारलं नाही, मधे आडवा पाऊस लागला आणि तो कीस रंगात रुतून गंजला.

दादा माझे थोरले भाऊ. उभी नोकरी एसटी चालवण्यात गेली. ईट गावची मुक्कामी गाडी त्यांच्याकडं असायची तेव्हा रात्री पोचल्यावर प्रवासी उतरताना म्हणायचे, डोळा लागला तो आत्ता उघडला. दादांना एवढी पावती पुरायची. आता ड्रायव्हरला डाव्या हाताला गिअर आणि डाव्या पायाला क्लच. अर्धांगाचा झटका आला तो नेमका डाव्याच बाजूवर. पायात पुढं थोडा जीव आला. काठी आणि माणूस धरून ते अंगणापर्यंत येऊ लागले. हात मात्र मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडून असायचा.

तरी एकदा दुपारी वहिनी पाणी भरत असताना ते भिंत धरत धरत गेले आणि गाडीत स्टिअरिंगपुढं जाऊन बसले. बसले ते बसलेच. उतरता येईना आणि हाक मारायची लाज वाटली. वहिनींना सापडले तेव्हा शर्ट घामानं भिजलेला, चावी उजव्या मुठीत. हे पुण्याला त्यांच्या मुलाला कळलं. तो म्हणाला, काका, मी येतो आणि गाडी घेऊन जातो, विकून टाकू, नाहीतर एक दिवस बाबा ती घेऊन रस्त्यावर जातील. दादा चिडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "रविवारी ये. तोवर हाताला कळायला लागलं तर गाडी इथंच ऱ्हाईल. न्हाय कळलं तर ने. पुन्हा बोलणार न्हाय." आणि मला म्हणाले, "राहू दे का जाऊ दे, पण ह्या देवी घालव आधी. अशा तोंडानं ती कुठं जायची न्हाय."

हे काम माझ्याकडं का यावं, याचं उत्तर घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं, एवढंच. मी धाराशिवला शाळेत इतिहास शिकवतो. हातानं केलेलं माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे फळ्यावर काढलेला भारताचा नकाशा, आणि त्यातही गुजरात नेहमी जास्त फुगतो. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातून कळलं की यासाठी एक चिकण गोळा मिळतो. त्याला क्ले म्हणतात. साबणाचं पाणी मारायचं, ओल्या रंगावरून गोळा हलक्या हातानं सरकवायचा, रुतलेली घाण त्याला चिकटून वर येते. मी मागवला. शनिवारी सकाळीच तामलवाडी गाठली.

पुडी उघडली तर आत निळसर चौकोन. वहिनींनी दाबून बघितला.

"भावजी, हे आणि काय? कणीक?"

"गाडीसाठीये वैनी."

"मला वाटलं ह्यांच्या हातासाठी."

त्यांचं चुकलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी हाताला काहीतरी मऊ मळायला द्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून वहिनी रोज सकाळी कणकेचा गोळा दादांच्या डाव्या हातात ठेवत. थोड्या वेळानं काढून घेत आणि म्हणत, आज कालच्यापेक्षा बोटं खोल उमटली. दादा तो गोळा फिरवून फिरवून बघायचे. मागं एकदा मुक्कामाला आलो असताना मी लवकर उठलो होतो तेव्हा दिसलं, दादांच्या हातावर हात ठेवून वहिनीच वरनं दाबत होत्या. दादांचं तोंड भिंतीकडं होतं. मी परत जाऊन झोपेचं सोंग घेतलं.

गाडी धुतली आणि दारापासून सुरुवात केली. पहिल्यांदा गोळा नुसता अडखळत गेला, तव्यावरची करपलेली भाकरी उलथन्यानं खरवडावी तसा आवाज. मग पाणी मारून परत, परत. हळूहळू आवाज मऊ झाला आणि एका क्षणी बंदच झाला. गोळा पलटून बघितला तर तपकिरी पट्टा उठलेला, मधे बारीक काळे कण. गोळा घडी घालून मळायचा, आतली स्वच्छ बाजू वर काढायची, पुन्हा घासायचं. मला एकदम आपण कामाचे झालो असं वाटलं, आणि अशा वेळी माझ्या हातून जे होतं ते झालं. गोळा निसटून मातीत पडला. व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता, पडलेला गोळा फेकून द्या. मी उचलला, शर्टाला पुसला, फुंकर मारली आणि वापरला. दारावर चार सुरेख गोल ओरखडे आले.

दादा खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. "मांजर फिरवलंस व्हय दारावरनं?"

"माती लागली वाटतं."

"मास्तर लोकांना माती लागती व्हय. बरं हाय."

तो गोळा टाकला. पुडीत आणखी एक होता म्हणून वाचलो. बॉनेटची ड्रायव्हरकडची बाजू साफ होईतो ऊन चढलं. दुसरी बाजू तशीच होती. मी व्हिडिओत बघितलेली एक गंमत दादांना दाखवायला गेलो. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि रंगावर बोटं फिरवायची. नुसत्या बोटाला जे कळत नाही तेही पिशवीतून कळतं. राहिलेला एकेक कण टोचतो.

दादा ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या ह्या हाताला बी पिशवीच घातल्यावाणी झालंय. मंग मला लई कळाया पाहिजे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"उठीव मला. बॉनेटपाशी ने."

वहिनी दारात येऊन थांबल्या. मी दादांना धरून उभं केलं आणि गाडीच्या तोंडाशी आणलं. उजव्या हातातली काठी त्यांनी बंपरला टेकवून ठेवली आणि गाडीलाच रेलले.

"आता मी डोळे झाकतो. तू हा हात धर आणि कुठं बी ठेव. मी सांगतो खरखरीत का गुळगुळीत. उद्या पोरगं यायचंय. आजच काय ते कळू दे."

हात धरला. गार होता आणि त्याचं वजन मला पेलवेना. मी तो आधी न घासलेल्या बाजूला नेला, बोटं पसरून ठेवली आणि हळूच फिरवली. माझ्या स्वतःच्या करंगळीला ठिपके टोचत होते.

दादांच्या कपाळावर आठी आली. "खरखरीत," ते म्हणाले.

"बरोबर." माझा आवाज चढला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"पुन्हा."

मी हात उचलला आणि पलीकडं, घासून काचेसारख्या झालेल्या जागी ठेवला. फिरवला. शेजारच्या दुकानातला ग्राइंडर तेवढ्यात थांबला होता, त्यामुळं सगळं फार शांत होतं. दादांचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते, अंधाऱ्या घाटात पुढचं वळण हुडकावं तसे.

"खरखरीत," ते म्हणाले.

मी वहिनींकडं बघितलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

"बरोबर," मी म्हणालो.

दादांनी डोळे उघडले नाहीत. उजवा हात आणला आणि डाव्याच्या शेजारी बॉनेटवर ठेवला. तो फिरवला, एकदा इकडं, एकदा तिकडं. धड हात होता तो. त्याला सगळं कळत होतं.

"कितवीला शिकवतोस रं तू?"

"आठवीला."

"समद्यांना असंच पास करतोस व्हय?"

ग्राइंडर परत सुरू झाला. दादांनी डोळे उघडले, उजव्या हातानं डावा उचलून बॉनेटवरनं खाली घेतला, जसं एखाद्याचं सामान उतरवून घ्यावं, आणि म्हणाले, "पोराला फोन लाव. म्हणावं ट्रॉफिक लागायच्या आत निघ. आणि ती ऱ्हायलेली बाजू बी घास. घेणारा हात फिरवून बघतो."

मी संध्याकाळपर्यंत घासत बसलो. काम चांगलं झालं. माझ्या आयुष्यात इतकं नीट काम दुसरं झालेलं नाही, आणि दाखवायला कुणी नाही. दादा खुर्चीवरून सांगत होते, आरशाच्या खाली राहिलंय, पेट्रोलच्या झाकणापाशी राहिलंय. ओरखडे आलेल्या दारावरून मात्र ते काही बोलले नाहीत.

रविवारी मुलगा आला. गाडीत बसण्याआधी दादांच्या पाया पडला आणि आपण उगाच कठोर झालो अशा तोंडानं माझ्याकडं बघत राहिला. दादा म्हणाले, "सेकंड गिअर जरा अडकतो. दाबून टाकत जाऊ नको, लाडानं टाक." गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. ते त्या दिशेनं बघत बसले नाहीत. आत नेऊन झोपव म्हणाले.

मी सोमवारची रजा टाकून थांबलो होतो. सकाळी वहिनी नेहमीसारख्या कणकेचा गोळा घेऊन ओसरीत आल्या. दादांचा हात मांडीवर पालथा होता. वहिनींनी तो सुलटा करायला घेतला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "पोळ्या लाट त्याच्या."

वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. गोळ्यावर त्यांची चारही बोटं खोल उमटली होती. मग त्या आत गेल्या. पोळ्या झाल्या, दादांनी उजव्या हातानं एक खाल्ली, मी दोन. समोर पत्र्याखाली गाडीएवढी जागा रिकामी होती आणि तिच्या कडेनं साबणाचं पाणी वाळून पांढरट रेघ उठली होती.