मालकांच्या मुलाचं लग्न आणि आमची माडी

नोटीस आली तेव्हा मी खाली गोठ्यात पातेलं घेऊन उभी होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंगळवार पेठेत एका दुमजली घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहायचो. मी, माझा नवरा आणि दोन लहान मुली. खाली घरमालक. ते मूळचे नेसरीकडचे. शेती भावांच्या हवाली करून ते म्हशींसह कोल्हापुरात आले होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. समोर धार काढून दिलेलंच दूध घ्यायचं ही आमच्या गावाची रीत, त्यामुळं पोस्टमन आला तेव्हा मामा म्हशीखाली आणि मी त्यांच्या डोक्याशी, अशी आमची मांडणी होती.

"सही करा की बाई, तुमचंच हाय," मामा म्हणाले. मी शाळेत शिकवायची म्हणून सगळ्यांची बाई. मी सही केली. मामा म्हणाले, "आता वाचा मोठ्यानं. वकिलानं काय लिवलंय ते मलाबी कळू दे."

म्हणजे मला घराबाहेर काढायची नोटीस मीच वाचायची, आणि ती ज्यानं पाठवली त्यालाच ऐकवायची! वाचली. वर्गात धडा वाचावा तशी, स्वल्पविरामाला थांबत. मालकांच्या मुलाचं लग्न करायचं असल्यानं माडीची त्यांना स्वतःच्या वापरासाठी प्रामाणिक गरज आहे, सबब एक महिन्यात जागा खाली करून द्यावी. इथवर मामा मान डोलवत होते. पुढं होतं, सदर भाडेकरू उर्मट व त्रासदायक वर्तनाचे आहेत. मामांची धार थांबली.

"आसं लिवलंय? त्या भाड्या वकिलानं? बाई, देवाशपथ, हे मी न्हाय सांगितलं. लग्नाचं तेवढं माझं. उर्मट वकिलाच्या घरचं."

मला हसावं की रडावं कळेना. खरं तर संताप आला होता. पण दूध मामांच्या हातात होतं आणि मुली वर उपाशी होत्या. त्या दिवशी मामांनी पातेल्यात एक माप जास्त घातलं, उर्मटची भरपाई म्हणून.

आम्ही वकील गाठला. त्यांनी आम्हाला धीर दिला. घर मालकाचं असलं म्हणून तो भाडेकरूला बखोटीला धरून काढू शकत नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. गरज खरी आहे हे शाबीत करावं लागतं. त्यातून ती खरी ठरलीच, तर जागा गेल्यानं भाडेकरूचे हाल जास्त की न मिळाल्यानं मालकाचे, हे कोर्ट तोलून बघतं. मग त्यांनी विचारलं, "मुलाचं लग्न ठरलंय का?"

"नाही."

"मुलगी बघून ठेवलीय?"

"नाही."

"मग गरज कसली? तो पोरगा बिनलग्नाचा आहे तोवर तुम्ही बिनघोर झोपा."

मुलगा तिशीचा. उद्यमनगरात लेथवर कामाला, अबोल, मला वैनी म्हणणारा. त्याचं लग्न ठरेना याचं कारण सगळ्या पेठेला ठाऊक होतं. खाली एक खोली, पुढं ओसरीसारखा सोपा आणि बाकी सगळा गोठा. सून आणून ठेवायची कुठं? जागा नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून कोर्ट जागा देणार नाही. या चरकात ते बिचारं सापडलं होतं आणि त्याच्या जिवावर आम्ही बिनघोर झोपत होतो.

महिना उलटला, आम्ही हललो नाही आणि मामांनी दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडचे दोन शहाणे ती पायरी एकाच सायकलवरून चढायला जायचे. मामांना दुधाचा रतीब घालत तसंच पुढं कोर्टाकडं जायचं असे. ते खालून हाक मारत, "चला की साहेब, तारीख हाय न्हवं?" आणि आमचे हे इस्त्रीची पँट सावरत दोन किटल्यांच्या मधे कॅरियरवर बसत. जेवणाचा डबा मी दोघांचा मिळून द्यायची, कारण मामींना गोठा आवरून स्वयंपाकाला उशीर व्हायचा. वादी आणि प्रतिवादी लिंबाच्या झाडाखाली एका डब्यात जेवताहेत हे पाहून दोन्ही वकील खवळले. "लोकांना काय वाटेल? निदान पन्नास पावलं तरी लांब राहा!" तेव्हापासून हे कोपऱ्यावर उतरून चालत जायला लागले. डबा मात्र एकच राहिला. आधी हे जेवायचे, मग मामा.

आमच्या वकिलांनी कोर्टात विचारलं, म्हशींना एवढी जागा आणि मुलाला नाही, हे कसं? म्हशी हलवा. मामा साक्षीच्या पिंजऱ्यातून ओरडले, "म्हसरं कुठं जातील, साहेब? माडीवर?" त्यावर न्यायाधीशांनी एक कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे एक तरुण वकील. त्यानं घरी येऊन कुणाकडं किती माणसं, किती दाटी, ते लिहून न्यायचं.

तारीख कळल्याबरोबर मामांनी नेसरीहून दाटी मागवली. दोन भावजया, एक मेहुणा, एक आत्या, आणि कुणाचे कोण ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं असे आणखी तिघं. सगळे चार दिवस आधीच आले. आता एवढी माणसं त्या खोलीत मावणार कशी? मामी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, पाच जनास्नी वर झोपू दे की. पावणं हायत, उघड्यावर कसं टाकू?" पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत आमच्यातही नव्हती. पाचजण माडीवर आले. झोपले, जेवले, आत्यांनी तर माझ्या धाकटीला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं.

कमिशनर आला तेव्हा हे पाचही जण माडीवर चहा घेत बसले होते. त्यानं वही उघडली आणि आत्यांना विचारलं, "तुम्ही इथंच राहता?"

"व्हय की," आत्या म्हणाल्या. "हितंच, माडीवर. बाई लई मायाळू. जीव लावती."

त्यानं लिहून घेतलं: भाडेकरूकडे नऊ माणसं, अतिशय दाटी. खाली जाऊन मोजलं तर मालकाकडे पाच आणि म्हशी. मामा तोंडाचा आ करून बघत राहिले. मग त्यांनी कमिशनरला पेलाभर दूध पुढं केलं. तो म्हणाला, मला कुठल्याच पक्षाकडचं काही घेता येत नाही. हा मात्र मामांना खरा अपमान वाटला. "माझ्या दारातनं मानूस कोरड्या तोंडानं जातोय? आसलं कसलं हो कोर्ट?" अहवालाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आत्यांना मात्र संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवलं.

आमचे वकील खूश झाले. मीही झाले, उगाच सोवळ्याचा आव कशाला आणू? शाळा पाच मिनिटांवर, माडीवर नळ, मुलींना खेळायला गच्ची. शिवाय मालकाशी कोर्टात गेलेल्या भाडेकरूला गावात दुसरं कुणी उभं करत नाही, हेही कळून चुकलं होतं. हे घर गेलं तर जायचं कुठं?

आणि मग गगनबावड्याकडून एक स्थळ आलं. मुलानं मुलगी बघितली, त्याला ती पसंत पडली. मामींनी मला जिन्यातच मूठभर साखर भरवली. आमच्याकडं सोयरीक पक्की करण्यापूर्वी मुलीकडचा माणूस शेजारीपाजारी चौकशी करून जातो. घरचे गोडच सांगणार, खरं शेजाऱ्याला माहीत. आणि शेजारी म्हणजे आम्हीच, वरचे!

मुलीचे वडील आले, छत्री दाराशी टेकवून बसले. "बाई, तुमी शिकलेल्या. पोरगं कसं हाय, खरं सांगा."

मला खोटं बोलायचं नव्हतं. बोललेही नाही. मी म्हटलं, "मुलगा चांगला आहे, पण..." आणि थांबले. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "जाऊ दे. तुमचं तुम्ही बघा."

एवढंच. पण ज्या मुलीच्या बापानं "जाऊ दे" ऐकलं, तो पुढं काय ऐकणार? त्यांनी कप अर्धा ठेवला आणि छत्री उचलली. आठ दिवसांत निरोप आला, योग नाही. मामी पदरात तोंड खुपसून रडत वर आल्या, माझ्याकडंच. "कुनी तरी कान फुकलं बघा, बाई. मी कुनाचं काय वाकडं केलतं?" मी त्यांना चहा करून दिला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याइतकी नीच बाई त्या दिवशी पेठेत दुसरी नसेल. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू कुठं खोटं बोललीस?" वकिलाच्या संगतीनं माणूस असाच बोलायला लागतो.

वर्षभरानं दुसरं स्थळ आलं, जोतिबाच्या डोंगरावरचं. मुलीच्या वडिलांचं तिथं नारळ-गुलालाचं दुकान. तेही जिना चढून आले आणि त्यांनीही तेच विचारलं. आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते. पान उलटायचा आवाज बंद झाला.

मी सांगितलं. मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पगार झाला की आधी आईच्या हातात. पाच वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नाही. डोळे मिटून मुलगी द्या.

"ते खरं," ते म्हणाले, "पर लेक ऱ्हानार कुठं?"

"इथं, माडीवर," मी म्हटलं. "आम्ही सोडतोय."

आत खुर्ची सरकली. पाहुणे समाधानानं उतरून गेले. हे बाहेर आले आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "निदान मला विचारायचंस." ते रास्त होतं. विचारलं असतं तर माझा धीर सुटला असता, हेही तितकंच खरं.

आमचे वकील तर डोक्याला हात लावून बसले. जिंकत आलेला दावा स्वतःच्या तोंडानं घालवणारी अशिलाची बायको त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. कोर्टात तडजोडीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी यांना रीतीप्रमाणं विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" हे म्हणाले, "हो. बायकोचा." कोर्ट हसलं. सगळ्यात मोठ्यानं मामा हसले आणि पट्टेवाल्यानं त्यांना गप्प केलं.

शाळेतल्या एका बाईंच्या दिरानं राजारामपुरीत दोन खोल्या दिल्या. नळ खाली, शाळा लांब. सामान हलवायला मालकांच्या मुलानं उद्यमनगरातून हातगाडी आणली आणि सुट्टी टाकून दिवसभर ओझी वाहिली. त्याच्या लग्नाला आठ दिवस राहिले होते. शेवटची खेप कपाटाची. नव्या खोलीत कपाट टेकवून तो घाम पुसत उभा राहिला. हे मुलींना घेऊन खाली गेले होते.

"वैनी," तो म्हणाला, "ते गगनबावड्याचं पावणं आलतं न्हवं, तवा मी खाली गोठ्यात वैरन टाकत हुतो. माडीच्या फळ्यांतनं सगळं ऐकू येतंय."

मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर आय भांडली आसती. तुमाला हाकलून दिलं आसतं तिनं. दोन पोरी घिऊन तुमी कुठं गेला आसता?"

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं. तोवर त्यानं कपाटाला पुन्हा खांदा लावला.

"कुठल्या भिंतीला लावू, वैनी?" त्यानं विचारलं.