खुंटीमास्तरांची अर्धी खोट

खुंटीमास्तर माणसाचा चेहरा नंतर पाहत. आधी त्याच्या सदऱ्याची कड चिमटीत धरून उलटी करत. कापडाची मागची बाजू न्याहाळून झाली की मग नमस्कार. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमची घरे समोरासमोर होती. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा सदरा उलटून पाहिला आणि म्हणाले, "अपनी मिल का नाही, सर. सुलटी बाजू काय, सगळ्यांशी गोडच बोलते." मला हा प्रकार आवडला नाही. पुढे सवय झाली.

मिलमध्ये त्यांचे काम नक्षीचे. नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवलेली असे. तो मूळ कागद डिझाइन खात्याच्या कपाटातून बाहेर निघत नसे. मास्तर त्याची नक्कल करत आणि नक्कल खाली मागांकडे जाई. तेथे तिच्याबरहुकूम लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या बसवत. पट्ट्यांची ती माळ मागावर फिरे. खुंटी असेल तेथे ताण्याचे उभे धागे उचलले जात, नसेल तेथे खाली राहत, आणि कापडावर नक्षी उमटे. एकदा एका साहेबाने मूळ कागदच खाली मागितला. मास्तर म्हणाले, "नक्कल दहा देतो साहेब. असली नीचे नहीं जाएगा. त्याला तेलाचा एक हात लागला, तर पुढचे कापडाचे सगळे थान चुकीचे निघतील."

मी एका मराठी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवीत असे. पेशी प्रथिने कशी बनवते, हा धडा मुलांच्या डोक्यात शिरत नसे. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, त्या काळातल्या एका वर्षी मी मास्तरांना वर्गात बोलावले. ते पिशवीत पाच पट्ट्या आणि मूठभर खुंट्या घेऊन आले. त्यांची मुलगी संगीता त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसे. हुशार, फिकट, सांधे दुखतात म्हणून वरचेवर गैरहजर. घरात त्याला वात म्हणत.

मी सांगत गेलो आणि मास्तर पट्ट्यांवर दाखवत गेले. पेशीच्या केंद्रकातला डीएनए हा कपाटातला मूळ कागद. तो बाहेर येत नाही. त्याची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर पडते. रायबोसोम हा माग. तो नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. प्रत्येक तिकडीला एक अमिनो आम्ल ठरलेले, आणि ते आणून देणारे वाहक वेगळे. आम्लांची माळ विणून झाली की प्रथिन तयार.

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "भिया, ये तो पूरी मिल निकली! युनियन पण असते का, सर?"

"युनियन असती तर तू इतका उंच झाला नसतास," मास्तर म्हणाले. "रोज हडताल." वर्ग हसला. संगीताही हसली.

मग त्यांनी एक खुंटी काढून शेजारच्या भोकात घातली. "ही खोट नकलेतली. नक्कल फेकायची, दुसरी काढायची. बात खतम." ते माझ्याकडे वळले. "पण सर, असली कागदातच एक खुंटी चुकली असेल तर?"

प्रश्न उत्तम होता. मी फळ्यावर रक्तातल्या हिमोग्लोबिनची साखळी काढली. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलिन येते. मूळ मजकुरात चूक फक्त एका अक्षराची. पण शरीरातला प्रत्येक माग तीच चूक विणतो. रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, सांधे ठणकतात. या आजाराला सिकलसेल म्हणतात. उपाय नाही. "असे रोगी फार जगत नाहीत," असे मी सांगितले आणि ते वहीत उतरवून घ्यायला लावले.

तास संपल्यावर मास्तर फाटकापाशी थांबले होते. त्यांनी खिशातून कामगार विम्याच्या दवाखान्याने संगीताला दिलेली चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटली होती. "सर, ते हेच नाव का?"

तेच होते.

"आधी मला एकट्याला का नाही विचारलंत?"

"मिलमध्ये खोट दिसली की चारचौघांत बोलायची. लपवेल तो चोर. बोललं की कोणी ना कोणी दुरुस्ती सांगतोच." त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी केली. "जिची दुरुस्ती नाही अशी खोट असते, हे अपन को मालूम नहीं था."

संगीता दप्तर घेऊन आमच्या मागे उभी होती. दोघांनाही ती दिसली नव्हती. तिने विचारले, "सर, फार जगत नाहीत म्हणजे किती?"

मी म्हणालो, "आकडा सांगता येत नाही."

पुढच्या वर्षी मिल बंद झाली. माग भंगारात गेले. मास्तरांनी कपाटातले मूळ कागद मागून घरी आणले आणि पलंगाखाली ठेवले. वाचणारा माग इंदुरात उरला नव्हता. विम्याचा दवाखानाही कामाबरोबरच सुटला. संगीताला दुखणे उठले की मास्तर तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मोठ्या इस्पितळात नेत, आणि रक्ताच्या बाटलीसाठी जुन्या मागवाल्यांच्या दारोदार फिरत. पहिल्या वर्षी माणसे मिळाली. नंतर माणसेही पांगली.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "मूळ कागद सुधारत नाही, मान्य. नक्कल तर सुधारता येईल?"

"प्रयत्न चालू आहेत. आपल्या हयातीत होईलसे वाटत नाही."

"आपल्या नाही हो सर. तिच्या."

त्यांनी मग दुसरा प्रश्न विचारला. ही खोट आली कोठून? मी शास्त्राप्रमाणे सांगितले. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. दोन्ही सदोष असतील तरच असा आजार होतो. एकच सदोष असलेल्या माणसाला बहुधा काही जाणवत नाही.

"म्हणजे अर्धी माझी, अर्धी तिच्या आईची."

"होय."

पायरीवरून उठताना ते म्हणाले, "तिच्या आईला हे सांगू नका. कधी विचारलंच, तर पुरी माझी सांगा."

मिल बंद झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात संगीता गेली. बारावीची परीक्षा तिने दिली होती. जीवशास्त्रात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. संगीताची आई, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या, मास्तर दारात. वहिनींनी माझ्याकडे पाहून विचारले, "सर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. माझ्याकडून आलं का तिला?"

सबंध नोकरीत मी विद्यार्थ्याला जाणूनबुजून चुकीचे उत्तर दिले नव्हते. मी म्हणालो, "नाही वहिनी. वडिलांकडून."

मास्तरांनी मान हलवली. हिशेब बरोबर जुळल्यावर कारकून हलवतो, तशी.

माझी समजूत अशी होती की दुःख ओसरले की हे विसरले जाईल. वहिनी विसरल्या नाहीत. त्या मास्तरांशी बोलेनाशा झाल्या. त्यांचे ताट वाढून त्या आत जाऊन बसत. वर्ष सरण्यापूर्वी त्या भावाकडे भंडाऱ्याला निघून गेल्या. मी मास्तरांना म्हणालो, "आता मला खरे सांगू द्या."

"राहू दे, सर. तिकडं झोप लागत असेल तिला."

मास्तर त्यानंतर चार वर्षे जगले. एका कापडदुकानात थान मोजायला बसत, एकटे जेवत. ते गेले तेव्हा मी वहिनींना कार्ड टाकले. उत्तर एका ओळीचे आले. येणे जमणार नाही.

ज्यांच्या सांगण्यावरून खोटे बोललो होतो ते आता नव्हते. खरे लिहायला मला अडचण नव्हती. मी कार्ड घेतले, त्यावर पत्ता घातला आणि थांबलो. दोष द्यायला वहिनींपाशी मेलेला नवरा तरी होता. मी लिहिले असते, तर तोही उरला नसता.