घाबरट आतडी आणि म्हातारी मेंढी

दौंडहून कुरकुंभला आमच्या कारखान्याची बस वीस-पंचवीस मिनिटांत पोचते. पण तेवढ्यात माझं पोट काय करेल याचा भरवसा नसे. ड्रायव्हरने मला दोनदा पेट्रोल पंपावर उतरवलं. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आत त्याने गाडी थांबवली, आणि सगळी शिफ्ट खिडकीतून बघत बसली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली. काही निघालं नाही. "आतडी चांगली आहेत, नुसती घाबरट आहेत," ते म्हणाले आणि कागदावर आयबीएस लिहिलं. पथ्याने, गोळ्यांनी थोडाच फरक पडला, तेव्हा त्यांनी मला संमोहन उपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

संमोहन म्हटल्यावर वडगाव रासाईहून माझे वडील, आबा, तातडीने आले. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. "मोहिनी घालून तुझ्याकडनं कायबी वदवून घेतलं म्हंजी?"

"यांच्याकडं लपवण्यासारखं काय हाय, आबा?" बायको म्हणाली. "सगळ्या बसला म्हाईत हाय."

तरी आबा सोबत आलेच. मॅडमनी त्यांना कोपऱ्यात खुर्ची दिली, मला आरामखुर्चीत टेकवलं, आणि हळू आवाजात सांगू लागल्या, "तुमचं आतडं म्हणजे नदी आहे. संथ वाहतेय..."

मला भीमा दिसली, पण पुराची. मी डोळे उघडून विचारलं, "मॅडम, टॉयलेट कुठंय?"

परत आलो तर त्या हसल्या नाहीत. "नदी राहू दे. सावकाश चालणारं दुसरं काय आठवतं तुम्हाला?"

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "मेंढरं. पर मागनं हाकायची न्हाईत, बिथरत्यात. म्होरं एक म्हातारी मेंढी लावायची. बाकीची आपसूक चालत्यात."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझा हात पोटावर ठेवायला लावून म्हणाल्या, "म्हातारी मेंढी पुढे चाललीय. तिला कसलीच घाई नाही."

मी झोपलो नव्हतो, बाहेरची रिक्षा ऐकू येत होती. पण हाताखाली पोट ऊबदार झालं, आतला पीळ सैलावला. घुर्र आवाज आला तसा मी दचकलो. आबा घोरत होते. मॅडमनी पाच आकडे मोजून मला भानावर आणलं. आबांना मात्र खांदा धरून हलवावं लागलं.

"माझं नीट लक्ष हुतं," ते म्हणाले.

पुढे दर आठवड्याला जात राहिलो. मॅडमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग शिफ्टवरून आल्यावर रोज ऐकलं. महिनाभर काहीच वाटलं नाही. नंतर एकेक आठवडा बस न थांबवता जाऊ लागला. पूर्ण बरा झालो असं नाही. कारखान्यात तपासणीवाले आले की पोट अजून कुरकुरतं. पण आता मी त्याच्यावर डाफरत नाही.

परवा पॅकिंगला शेजारी उभा राहणाऱ्या बिहारच्या भाईने इकडंतिकडं बघून विचारलं, "भैया, वो मैडम हिंदी में भी समझाती है क्या?"

इतकी वर्षं तो बसमध्ये दाराजवळचीच सीट का धरतो, ते मला तेव्हा कळलं. येत्या शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत.