गादीखालचं वाळवण

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याला कॉलेजात होते. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही सहाजणी होतो आणि अक्कल एकीचीच चालायची. ती साकोलीची, आमच्याहून एक वर्ष पुढे. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं होतं, एवढ्या भांडवलावर ती बायकांच्या सगळ्या विषयांची जाणकार ठरली होती. पाळीच्या कापडावर पुरुषाची नजर पडली की पुढे मूल होत नाही, हा तिचा पहिला कायदा. मेसचा आचारी आणि फाटकावरचा म्हातारा चौकीदार, दोघेही पुरुषच. त्यामुळे दोरीवर साड्या ऐटीत वाळायच्या आणि कापडं आमच्या गाद्यांखाली. पावसाळ्यात तर ती वाळायचीच नाहीत. तशीच दमट पुन्हा वापरायची.

दुसऱ्या वर्षी मला नको तिथे खाज सुटली. इतिहासाच्या तासाला मी बाकावर अशी वळवळायची की सरांना वाटे, हिला उत्तर येतंय. दोनदा उठवलं, दोनदा फजिती झाली.

खोलीत विचारायची सोय नव्हती, कारण तिचा दुसरा कायदा होता, "तसली खाज पोरांसंग फिरनाऱ्या पोरीयलेच होते." मी तर चुलतभावाशिवाय कुणा पोराशी धड बोललेही नव्हते. तरी एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' ही हातभर अक्षरं दिसली की मी मान खाली घालून रस्ता ओलांडायची. बाबांच्या कानावर गेलं असतं, तर पेटीसकट गावी, आसगावला नेऊन मला धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उभं केलं असतं. कॉलेज तिथेच संपलं असतं. फार घाबरले होते मी.

शेवटी एका दुपारी तास बुडवून, नाकापर्यंत पदर ओढून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "कापड कुठं वाळवतेस?"

"गादीखाली."

त्यांनी कपाळावर हात मारला. "तुमच्या वसतिगृहातली या आठवड्यातली तू चौथी. बुरशी आहे ही, दुसरं काही नाही. कापड उकळ आणि कडक उन्हात टाक. तुम्ही पोरी एकमेकींशी बोलत नाही काय गं?"

आधी सुटल्यासारखं वाटलं, मग असा संताप आला! खोलीवर गेल्याबरोबर त्या जाणकारबाईला फैलावर घ्यायचं ठरवून मी बाहेर आले, तर बाकड्यावर तीच. तिचाही पदर नाकापर्यंत.

"काहून वो ताई? कोन्या पोरासंग फिरून राहिली तू?" मी तिथेच सुरू झाले.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मले त कोनीच काही सांगतलं नाही वो. बहीन त लाजून बोलतच नाही. तुमी इचारत होत्या, मनून मी सांगत होती."

मी तिच्या शेजारी बाकड्यावर टेकले. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "तू बी चाल ना आत," ती म्हणाली. "मले लय भेव लागते."