टाकीतल्या शंखांचा मारेकरी

गोंदियात मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्या काळात समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा लग्नाच्या निमित्ताने. तरीही समुद्री प्राण्यांचे संघ मला तोंडपाठ होते. निवृत्त झालो तेव्हा मुलीने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी भेट दिली. "बाबा, आता पुस्तकातलं प्रत्यक्ष बघा," असं ती म्हणाली. त्यात उपरोध असावा अशी मला तेव्हा शंका आली नाही.

टाकीचं सामान नागपूरहून आलं: पिशवीतलं मीठ, दोन नारिंगी मासे, काचेवरचं शेवाळ खाणारे बारा छोटे शंख आणि ओल्या कागदात गुंडाळलेला एक भोकाभोकांचा दगड. "सर, इस पत्थर में जान है," दुकानदाराने फोनवर सांगितलं. मी ते विक्रेत्याचं काव्य समजलो.

महिनाभरात दगडाने दुकानदाराचा शब्द खरा केला. आधी त्यावर जांभळे डाग आले, मग चिंचोक्याएवढा एक स्पंज. आणि एके दिवशी सकाळी दगडाखालून वीतभर लांबीचा, गुलाबी, दोन्ही अंगांना पांढरे केस असलेला किडा बाहेर आला. मी चष्मा पुसला आणि बायकोला हाक मारली.

"वलयी प्राणी," मी म्हणालो. "गांडुळाच्या संघातला."

माझी बायको जवळच्या कामठा गावची. शाळा सातवीपर्यंत. पदर खोचून ती काचेशी वाकली. "संघ समजला जी. पण तो करते काय?"

मी संघाची आणखी तीन लक्षणं सांगितली.

त्याच आठवड्यात शंख कमी व्हायला लागले. बाराचे नऊ झाले, नवाचे सात. रिकामी कवचं वाळूवर पडलेली दिसायची. आरोपी माझ्यासमोर होताच. किड्याचा फोटो काढून मी मत्स्यप्रेमींच्या एका ऑनलाइन गटावर टाकला. वर लिहिलं, 'मारेकरी सापडला आहे.' तासाभरात अकरा उत्तरं आली. सहा जणांनी त्याला निरुपद्रवी म्हटलं, चार जणांनी ताबडतोब काढा म्हटलं, आणि एकाने टाकी विकणार का असं विचारलं. मी त्या चौघांना अभ्यासू मानलं.

बायको मात्र रोज भाजी निवडायला टाकीसमोरच बसायची. "अजी, तो बिचारा माशाईचं उरलेलं खाऊन राहिला," ती म्हणाली. "शंखाच्या बाजूनं जाते, पण तोंड नाई लावत. काऊन मारता त्याले?"

"पाहणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गात नेहमी म्हणत असे आणि कधी कुणी उलट बोललं नव्हतं.

मी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि किडा चिमटीत धरला. पुढचं ओरडणं शेजारच्यांनीही ऐकलं. ते पांढरे केस म्हणजे काचेच्या कुसळांसारखे काटे होते. बोटं पेटली. बायकोने चिकटपट्टी आणली, बोटांवर दाबली आणि ओढून काढली, पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. किडा तोवर भोकात निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी शंख सहा उरले.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा बोदलकशाच्या तलावाकडची मावशी मासे विकायला येते. टोपली ओट्यावर ठेवून ती पाणी प्यायला आत आली आणि टाकीसमोर थबकली. माझा पट्टी लावलेला हात तिने पाहिला, सगळी हकिगत ऐकली.

"किड्यानं कवच कसं फोडलं जी, गुरुजी?" ती म्हणाली. "काठं तुटून आहेत, पाहा. हे आंगड्याच्या चिमट्याचं काम होय. त्या वरच्या भोकात खेकडा बसून आहे. आमच्या धानाच्या बांधीत बी असाच बिळात बसते, खाते अन् टरफलं बाहेर फेकते."

वरच्या भोकाखालीच कवचांचा ढीग होता. तो मी तीन आठवडे पाहत होतो. निरीक्षण केलं नव्हतं.

मावशीने टोपलीतली एक झिंगी सोलली, दोऱ्याला बांधली आणि भोकापुढे हलवत धरली. दहा मिनिटांनी काळपट, केसाळ खेकडा ती धरून बाहेर आला आणि बायकोने त्याला चहाच्या गाळणीत झेलला.

"संधिपाद," मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

त्याला मारू द्यायला बायको तयार नव्हती, आणि बोदलकशाच्या तलावाच्या गोड्या पाण्यात तो जगला नसता. त्यामुळे त्याला खाऱ्या पाण्याची वेगळी बरणी मिळाली, हवेच्या नळीसकट आणि लपायला एका दगडासकट. गटावर मी चूक कबूल करायला हवी होती. मी लिहिलं, 'अधिक अभ्यासाअंती दुसरा प्राणी आढळला.'

दोन महिन्यांनी एका सकाळी खेकडा बरणीच्या तळाशी निपचित दिसला, पाय पसरलेले, डोळे पांढरे. मला खरंच वाईट वाटलं. त्याने सहा शंख खाल्ले तरी रोज मीच त्याला तुकडा घालत होतो. मी अंगणात जाऊन लहानसा खड्डा खणला.

परत आलो तर बायको बरणीपाशी हसत उभी होती. दगडाआड दुसरा खेकडा बसला होता, जरासा मोठा, मऊ, चकचकीत. तळाशी होतं ते त्याचं टाकलेलं कवच.

"संधिपाद प्राणी वाढताना कवच टाकतात," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

"मंग खड्डा कायले खणून राहिले होते?"

त्या खड्ड्यात मी मिरचीचं रोप लावलं.